कोऱ्या किल्ल्यांचं कपाट

सोमवार, ४ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. उद्या या घराचं काही बरंवाईट झालं आणि कुणी विचारलं, की बाई, तुम्ही तेव्हा काय करत होतात, तर दाखवायला काहीतरी हवं.

आमच्या ह्यांनी आज घराच्या पुढच्या दाराचं कुलूप काढलं. उघडलं नाही, काढलं. स्क्रू सोडवून, पितळी पट्टीसकट. आता दारात मुठीएवढं भोक आहे आणि त्यातून समोरच्यांची सायकल दिसते. अर्धं आयुष्य या माणसाने लोकांना कुलपं विकली आणि किल्ल्या कापून दिल्या. ते दुकान गल्लीच्या तोंडाशी अजून उभं आहे आणि त्याच्यावरच आम्ही दोघं जेवतो. पण स्वतःच्या घराला कुलूप नको. का, तर हे शिष्य झाले आहेत.

तसे आम्ही दोघंही जन्मापासून ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जायचं, गाणी म्हणायची, पाळकसाहेबांशी हात मिळवायचा, घरी येऊन जेवायचं. एवढ्यावर माझं आणि देवाचं बरं चाललं होतं. मग चर्चच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी शिष्यवर्ग सुरू केला. नुसतं ख्रिस्ती असणं पुरत नाही, शिष्य होऊन जगलं पाहिजे, असं ते सांगतात. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जाऊन होते तसे राहतात. आमच्याच शिष्योत्तमांना ते खरं वाटायला हवं होतं?

"चोर आला तर?" मी विचारलं.

"त्याला काय हवं ते विचारू."

"विचारा हो. चहात साखर किती घालू तेही विचारून घ्या, म्हणजे मला दोनदा उठायला नको."

हे हसले नाहीत. म्हणाले, "या दारात येणाऱ्या कुणाला ठोठावावं लागू नये, एवढंच मला वाटतं." आणि भोकाच्या कडा पॉलिश पेपरने घासत बसले, जणू भोकच शोभेला ठेवायचं आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

भोकातून वारं येतं. मी जुना मोजा कोंबला.

सकाळी केस धुऊन टॉवेल गुंडाळून बाहेर येते तर बैठकीत आमेनबाई बसलेली. ही शिष्यवर्गातली, निवृत्त मुख्याध्यापिका. कुणी काहीही बोललं की "आमेन" म्हणते, हवामान सांगितलं तरी. म्हणाली, "दार उघडंच होतं, म्हणून आले." मी म्हटलं, "न्हाणीघराचंही नुसतं लोटलेलंच होतं, तिथेही यायचं होतं." तेवढ्यावर मात्र आमेन आलं नाही.

संध्याकाळी अख्खा शिष्यवर्ग भोक बघायला आला. चष्मेवाल्यांनी माझा मोजा काढून आत बोट घातलं, डोळे मिटले आणि हीच विश्वासाची खरी साक्ष असं सांगितलं. आमेनबाईचे डोळे पाणावले. मी चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमच्या दाराचं कधी काढायचं? हे घरी येऊन काढून देतील, काही घेणार नाहीत."

चष्मेवाले चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, प्रत्येकाला देवाचं वेगळं पाचारण असतं."

यांचं पाचारण मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घरी बसून चहा पिणं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

नवीन खूळ. मागची खोली रिकामी करून रंगवायला घेतली आहे. ती खोली कुणाची होती हे मी इथे लिहिणार नाही. वर्षानुवर्षं तिथे रिकामे खोके, मोडका पंखा आणि इस्त्रीचं टेबल होतं आणि तेच तिथे बरं दिसत होतं.

दुपारी टेम्पोतून गादी आली, चांगली जाड फोमची.

"ही कुणासाठी?"

"येईल कुणीतरी."

"प्रभू स्वतः येणार आहेत का? लोकांच्या गोठ्यात निजलेले ते, त्यांना फोम कशाला लागतोय?"

हे खिडकीच्या चौकटीला रंग देत राहिले. हात थरथरत होता, काचेवर पांढरे फराटे उमटत होते. मी म्हटलं, वय झालं तुमचं, रंगारी बोलवा. तर म्हणाले, हे माझं मलाच करायचं आहे. करा बापडे. मी फराटे ब्लेडने खरवडून काढले, नाहीतर ती काच जन्मभर तशीच राहिली असती.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज रात्री मी भात करपवला. रागाने. दुसरं काही नाही.

दुपारी मी ओट्याशी कांदा चिरत होते. दार लोटल्याची चाहूल लागली. हे जेवायला आले असं समजून मी पाठ न वळवता म्हटलं, "बूट बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसली आहे." बूट काढल्याचा आवाज आला. मग कुणी आत येईना. मी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मोजे घालून धाकटा उभा.

"वहिनी," म्हणाला.

धाकटा म्हणजे माझा दीर. लिहायचंच आहे तर सगळं लिहिते. सासूसासरे गेले तेव्हा हा शाळेत होता. मी लग्न होऊन आले ती याचे डबे भरायला आले म्हटलं तरी चालेल. ताप आला की याला मीच हवी असायची, दादा नको. मोठा झाल्यावर दुकानात बसायला लागला. किल्ली कापण्यात हात असा बसला, की गिऱ्हाईक म्हणायचं, धाकट्याकडूनच द्या. मग दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा त्यांच्या घराची किल्ली, तिची जोड कापायला, देऊन गेल्या. त्या दिवशी दुकानात हा मला म्हणाला, "वहिनी, तू जा, जेवून घे, दमलीस. यंत्र मी बंद करतो." मला केवढं भरून आलं होतं. आणि मी घरी जेवत असताना त्याने तीच किल्ली आणखी एक कापली. बाई गावाला गेल्या तेव्हा एका मित्राला घेऊन त्यांचं घर धुऊन काढलं. बाईंच्या आईची म्हणून जी काही चीजवस्तू होती, तीसुद्धा. आठवड्यात पकडला गेला. तुरुंगात गेला. आमच्या दुकानात महिनोन्महिने कुणी किल्ली कापायला आलं नाही. कोण येईल? हे त्याला भेटायला जायचे. मी एकदाही गेले नाही.

आणि आज तो उंबऱ्यावर. गालफडं बसलेली, कानामागे पांढरे केस.

मी विचारलं, "आत कसा आलास?"

"दार उघडं होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कुलूप, खोली, गादी. शिष्यत्व म्हणे!

बुधवार, २० फेब्रुवारी

ह्यांना सकाळी धारेवर धरलं. "तुम्हाला तारीख ठाऊक होती. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं! आणि एवढं भोक कशाला पाडलं? त्याला घंटा वाजवता येत नव्हती?"

"वाजवली नसती त्याने," हे म्हणाले. "दारापर्यंत आला असता आणि परत फिरला असता. मी ओळखतो त्याला."

हे मला सांगतात! त्याला मी ओळखत नाही?

मी धाकट्याशी बोलत नाही. जेवताना ह्यांनी एवढी लांब प्रार्थना केली, की आमटीवर साय धरली. धाकटा ताटाभोवती हाताचं कुंपण घालून जेवतो. तिथे तशी सवय लागत असेल. त्याला दोन अंडी वाढली, कारण एकच उरलं असतं तर वाया गेलं असतं.

रविवार, २४ फेब्रुवारी

हे त्याला उपासनेला घेऊन गेले. मी मागच्या बाकावर बसले, मुद्दाम. तिथून सगळं दिसतं.

पाळकसाहेबांनी बायबलातल्या, सगळं उधळून घरी परतणाऱ्या हरवलेल्या मुलावर प्रवचन केलं. बाप धावत गेला, गळ्यात पडला, वगैरे. सगळी मंडळी गहिवरली. आणि ज्या बाकावर धाकटा बसला होता त्या बाकावरची मंडळी गहिवरत गहिवरत दुसऱ्या टोकाला सरकली. आमेनबाईने पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली. नंतर अंगणात चष्मेवाल्यांनी धाकट्याला कडकडून मिठी मारली, एकाच हाताने. दुसरा हात खिशावर होता.

धाकट्याने बघितलं. मान खाली घातली आणि बूट बघत राहिला. मला त्याच्याबद्दल काही वाटलं असं नाही. पण असल्या माणसांकडून मिठी घेण्यापेक्षा शिवी खाल्लेली बरी.

बुधवार, २७ फेब्रुवारी

दुकानात गर्दी. अशी गर्दी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

सोमवारी आमेनबाई आली. तिच्या दाराचं कुलूप "जरा कुरकुरतं", म्हणून नवं हवं, दोन खिट्ट्यांचं. मंगळवारी वर्गातलं एक जोडपं आलं, मागच्या दाराला लोखंडी कडी हवी. आज खुद्द चष्मेवाले आले. घराला एक, दुकानाला एक, आणि गॅरेजला काय चांगलं ते दाखवा म्हणाले.

आमचे हे एकेक खोका काढून दाखवत होते. मला राहवलं नाही.

"काय हो, पाचारण आलं वाटतं?"

चष्मेवाले घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, प्रेम करावं, पण सावधही असावं."

"बरोबर आहे. आमच्या दाराच्या भोकात बोट घालताना नव्हतात इतके सावध, म्हणून विचारलं. यातलं जड कुलूप घ्या. साक्ष जेवढी मोठी, तेवढं कुलूप जड हवं."

ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी कशाला गप्प बसू? शिष्यवर्गातल्या एकूणएक दारांची कुलपं बदलून झाली. ह्यांनी स्वतः घरोघरी जाऊन ती बसवली. आपल्या भावाच्या भीतीने मागवलेली कुलपं आपल्याच हातांनी बसवायची आणि वर "प्रभू तुमचं रक्षण करो" म्हणून यायचं, हे मला जमलं नसतं. मी कानशिलात दिली असती एकेकाच्या.

घरी येऊन धाकट्याशी मी पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हटलं, "शर्ट दे तो, कॉलर फाटली आहे. त्या लोकांसमोर फाटक्या कॉलरने फिरायचं नाही."

शनिवार, २ मार्च

आज जे बघितलं त्याने अंगाचा तिळपापड झाला आहे.

धाकटा दुकानात येतो, झाडतो, काचा पुसतो. यंत्राजवळ जात नाही. मला वाटत होतं, तोच लाजून जात नाही. आज एक गिऱ्हाईक घाईत होतं, हे बाहेर गेलेले. मी कोरी, अजून दाते न कापलेली किल्ली काढायला कपाट उघडायला गेले, तर कपाटाला कुलूप. या कपाटाला कधी कुलूप नव्हतं. चोरी झाली तेव्हाही नव्हतं. मी धाकट्याकडे बघितलं. तो झाडू घेऊन कोपऱ्यात गेला आणि झाडलेलंच पुन्हा झाडायला लागला. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

हे परत आले तेव्हा शर्टाच्या आतून दोरी काढून कुलूप उघडलं. दोरीत लाकडी वधस्तंभ. आणि त्याच दोरीत, त्याला टेकून, कपाटाची किल्ली. वा! एकाच गाठीत दोघांची सोय.

संध्याकाळी धाकटा बाहेर गेला तेव्हा मी तोंड सोडलं. "घराला कुलूप नको, कारण तुम्ही शिष्य. सगळ्या जगाने या, माझे कप न्या, चादरी न्या, मी अंघोळ करत असले तरी या. आणि कोऱ्या किल्ल्यांना कुलूप! चष्मेवाले निदान उघड उघड कुलूप विकत घेऊन गेले. तुम्ही प्रभूच्या पाठीमागे लपवलंत."

ह्यांनी छातीवरची दोरी शर्टावरूनच चाचपली. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"त्याची?"

"माझी. पुन्हा तसं काही झालं, तर मला त्याच्यावर माया करता येणार नाही. एकदा केली. दुसऱ्यांदा ताकद नाही माझ्यात. म्हणून तशी वेळच येऊ नये, असं बघतोय."

मी बरंच काही बोलणार होते. ते राहून गेलं. माणूस खरं बोलला की भांडणाची मजाच जाते.

मंगळवार, ५ मार्च

धाकट्याला डॉक्टरीणबाईंची माफी मागायची आहे. हे कळल्यावर चष्मेवाल्यांनी सुचवलं, की वर्गातले सगळे सोबत जाऊ, दारात एक गीत म्हणू. मी म्हटलं, तबला-पेटीही घ्या, बाईंना वाटेल वरातच आली.

तो एकटाच गेला. मी काही त्याच्यासोबत गेले नव्हते. मला त्याच गल्लीत धागा घ्यायचा होता.

त्याने घंटा वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. तो काय बोलला ते मला कोपऱ्यावरून ऐकू आलं नाही. बाईंचं मात्र स्पष्ट ऐकू आलं. "आईचं होतं ते. ते परत आणता येईल का तुला?" तो नाही म्हणाला. "मग माफीचं मी काय करू? जा तू." दार लागलं. आतून एक खिट्टी, मग दुसरी. आमच्याच दुकानातली.

बाईंनी केलं ते बरोबरच केलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तो तिथे पायरीवर उभा राहिला, बंद दाराकडे तोंड करून, आणि मला एकदम तो शाळेत असताना तापात कसा उभा राहायचा ते दिसलं. पायावर पाय ठेवून. अजून तसाच उभा राहतो.

घरी येताना मी त्याच्या दहा पावलं मागे होते. त्याने वळून बघितलं नाही, पण चाल हळू केली.

शुक्रवार, ८ मार्च

मी आज निर्णय घेतला. पुरे झालं ते भोक. वारं येतं, शेजारची मांजर येते, आमेनबाई येते. दुकानातलं एक चांगलं कुलूप उचललं, ज्याच्याबरोबर दोन किल्ल्या येतात, आणि यंत्रापाशी गेले. हे आणि धाकटा, दोघंही तिथेच.

"दोरी द्या," मी ह्यांना म्हटलं.

"कशाला?"

"कपाट उघडायचं आहे. तिसरी किल्ली हवी."

ह्यांना कळलं. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता प्रार्थना सुरू होते. पण ह्यांनी दोरी डोक्यावरून काढायला घेतली. ती कानात अडकली. मी सोडवली. वधस्तंभ, किल्ली, सगळंच माझ्या हातात दिलं. दोरी घामाने ओली होती.

मी कपाट उघडलं, कोरी किल्ली काढली आणि धाकट्यापुढे धरली.

"काप."

"वहिनी, मी नाही." तो मागे सरला. "दादाला सांग ना. नाहीतर तू काप."

"माझे डोळे दुखतात. दादाचा हात थरथरतो, खिडकीची काच बघ. काप म्हणते ना!"

त्याने मूळ किल्ली एका पकडीत बसवली, कोरी दुसऱ्या पकडीत. यंत्र सुरू केलं. हे भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटले नव्हते. उघडे होते, यंत्रावर. पितळेचा कीस उडाला. पूर्वी सपासप कापायचा, आज दोनदा थांबला. कानशीने कडा साफ केल्या, फुंकर मारली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती.

कुलूप ह्यांनी दारात बसवलं. स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "मला पटत नाहीये हे. शिष्याचं दार सगळ्यांना उघडं असावं. आणि त्याला यायला आता अडतं कुठे? दार उघडं ठेवलं की झालं."

"उघड्या दारातून मांजरही येतं," मी म्हटलं. "किल्ली घरच्या माणसाकडे असते."

शिष्योत्तमांनी स्क्रू मात्र नीट बसवले. दोन किल्ल्या आम्ही घेतल्या. धाकट्याने कापलेली त्यालाच दिली. तीच ती, मुद्दाम. दारात लावून बघितली तर अडकली. तो ओशाळला. मी म्हटलं, हात गंजलाय तुझा, जरा घास. घासली, मग फिरली.

हे लिहून ठेवते, कारण उद्या लोक म्हणतील की ही बाईही त्या वर्गात जाऊन शिष्य झाली. मी काही झालेले नाही. मला वारं सहन होत नाही.

शनिवार, ९ मार्च

आज आमेनबाई आली. दार लोटून बघितलं, उघडेना. घंटा वाजवली. मी सावकाश गेले. कुलूप बघून तिचं तोंड उतरलं. "अरेरे, साक्ष गेली," म्हणाली. मी म्हटलं, "आमेन," आणि चहा न विचारता निरोप दिला.

दुपारी हे दुकानात, मी ओट्याशी. कांदाच चिरत होते. दारापाशी पावलं थांबली. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की मी सुरी खाली ठेवली. जाऊन उघडावं असं फार वाटलं, पण गेले नाही.

मग किल्ली कुलपात गेल्याचा आवाज आला. जरा अडकली, आणि फिरली.

मी सुरी उचलली आणि पाठ न वळवता म्हटलं, "बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसली आहे."